वैद्यकीय शब्दांचं लॅटिन-ग्रीक: पाठ न करता सोडवायचं कसं?

केरी_सत्तरी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षासाठी विचारतेय. चौथीपर्यंत मराठी माध्यम, पुढे इंग्रजी. विषय कळतो, पण शब्द सुटे सुटे पाठ करावे लागतात आणि जुळ्या शब्दांची हमखास अदलाबदल होते. नवा शब्द समोर आला तर तो फोडायची काही रीत आहे का? औषधाच्या चिठ्ठीवर बी.डी., टी.डी.एस., एस.ओ.एस. लिहितात त्याचा मूळ अर्थ काय, आणि वाचताना चूक नेमकी कुठे होते?

आणखी एक. घरातली थोरली माणसं पोर्तुगीज शिकलेली. ती म्हणतात, पोर्तुगीज ही लॅटिनची लेक, तेव्हा गोवेकराचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. हे कितपत खरं? घरातल्या एका जुन्या पोर्तुगीज मृत्यूदाखल्यावर कारण म्हणून 'तीझिका' लिहिलंय, दुसऱ्यावर 'बेशीगश'. हे कुठले आजार?

कवटी_ते_टाच

शब्द शेपटीकडून वाचायचा. शेपूट सांगतं काय बिघडलंय किंवा काय केलंय, मधला तुकडा सांगतो कुठे, आणि पुढचा सांगतो किती किंवा कसं. 'हायपोनॅट्रेमिया' घ्या. शेवटचं '-एमिया' म्हणजे रक्तात (ग्रीक 'हैमा', रक्त). 'नॅट्र' म्हणजे नॅट्रियम, सोडियमचं लॅटिन नाव. सोडियमची खूण एन-ए का, त्याचं उत्तर इथेच मिळतं. 'हायपो' म्हणजे खाली. रक्तातलं सोडियम घटलेलं, लिटरमागे १३५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा कमी. शब्द फोडला की परीक्षेतली व्याख्या निम्मी लिहून झालेली असते.

शेपट्या पंधरा-वीस पुरतात. '-युरिया' लघवीत, '-अल्जिया' दुखणं, '-प्लेजिया' लुळेपणा, '-रिया' वाहणं (डायरिया: आरपार वाहणं), '-पॅथी' आजार, '-स्कोपी' आत डोकावून पाहणं. '-आयटिस' म्हणजे दाह, पण ग्रीकमध्ये या प्रत्ययाचा अर्थ नुसता 'चा-ची-चे' एवढाच होता. 'आर्थ्रायटिस' म्हणजे 'सांध्याचा', पुढचा 'आजार' हा शब्द गळून पडला आणि 'दाह' हा अर्थ मागाहून चिकटला. दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदवली, ती अजून तोंडी परीक्षेत विचारतात: रुबोर, तुमोर, कालोर, दोलोर. लाली, सूज, ऊब, दुखणं. पाचवं 'फुंक्सियो लेझा', म्हणजे त्या भागाचं काम अडणं, नंतर जोडलं गेलं.

'-ओमा' म्हणजे गाठ असं वर्गात सांगतात, पण डोळे झाकून धरू नका. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, आणि ग्लॉकोमात (काचबिंदूत) तर गाठ नसतेच. तिथे मूळ शब्द 'ग्लाउकोस', निळसर-राखाडी.

सगळ्यात जास्त गुण जातात ते कापण्याच्या तीन शेपट्यांत. '-टॉमी' म्हणजे चिरणं. '-एक्टमी' म्हणजे कापून बाहेर काढणं. त्यातला 'एक' म्हणजे बाहेर. '-ऑस्टमी' म्हणजे तोंड उघडं ठेवणं, कारण ग्रीकमध्ये 'स्टोमा' म्हणजे तोंड. लॅपरॉटमीत पोट उघडून परत शिवतात, कोलेक्टमीत मोठ्या आतड्याचा भाग जातो, कोलॉस्टमीत आतड्याचं तोंड पोटाच्या कातडीवर आणून ठेवतात आणि त्यावर पिशवी लावावी लागते. नर्सच्या दृष्टीने तिन्हींची शुश्रूषा संपूर्ण वेगळी, म्हणून इथे गडबड परवडत नाही.

आता ग्रीक कुठे आणि लॅटिन कुठे. ढोबळ नियम: अवयवाचं नाव आणि त्याचं विशेषण लॅटिन, त्याचा आजार आणि शस्त्रक्रिया ग्रीक. मूत्रपिंडाची धमनी 'रीनल', पण दाह 'नेफ्रायटिस'. फुफ्फुसाची 'पल्मनरी', पण आजार 'न्यूमोनिया'. कातडीखालचं इंजेक्शन 'सबक्युटेनियस', पण कातडीचा दाह 'डर्मटायटिस'. आपणही दात म्हणतो पण दंतक्षय म्हणतो, डोळा म्हणतो पण नेत्ररोग म्हणतो, तसंच हे. कारण इतिहासात आहे. आजारांवर मूळ लिखाण ग्रीकांचं, तर युरोपात शरीररचना लॅटिनमधून लिहिली गेली. शरीररचनातज्ज्ञ व्हेसेलियसचा मोठा ग्रंथ १५४३ चा. पुढे एकाच स्नायूला दहा नावं झाली, तेव्हा १८९५ मध्ये बाझेल इथे शरीररचनातज्ज्ञांनी लॅटिन नावांची एक यादी ठरवली. सध्याच्या नावांचा पाया १९९८ ची 'टर्मिनोलॉजिया अनाटोमिका'.

हाडांची नावं तर रोमन घरातली भांडीकुंडी आहेत. 'पॅटेला' छोटी ताटली, 'पेल्व्हिस' परात, 'टिबिया' बासरी, 'फिब्युला' कपड्याला लावायची पिन, 'अ‍ॅसिटॅब्युलम' व्हिनेगरची वाटी. मांडीच्या हाडाचा गोल माथा वाटीत बसतो हे एकदा डोळ्यापुढे आलं की अ‍ॅसिटॅब्युलम कुठे, हे विसरणं कठीण. डोळ्याची 'प्युपिल' हा लॅटिन 'पुपिल्ला', म्हणजे छोटी बाहुली. मराठीतही ती बाहुलीच. समोरच्याच्या डोळ्यात आपलीच इवलीशी आकृती दिसते, त्यावरून.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी खास धोका वेगळाच आहे. काही जोड्या देवनागरीत लिहिल्या की फरकच पुसला जातो. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड, दोन्ही आपण 'इलियम' लिहितो. आतड्याचं स्पेलिंग आय-एल-ई-यू-एम, मूळ ग्रीक 'गुंडाळणं, पिळणं'. हाडाचं आय-एल-आय-यू-एम, मूळ लॅटिन 'कूस'. ई असेल तर आतडं, एंटरायटिसच्या ई वरून लक्षात ठेवा. 'डिस्फेजिया' म्हणजे गिळायला त्रास (फागेइन, खाणं) आणि 'डिस्फेझिया' म्हणजे बोलायला त्रास (फासिस, बोलणं). मराठीत ज आणि झ चा फरक, पण पक्षाघाताच्या रुग्णाच्या कागदावर ही अदलाबदल झाली तर गिळता न येणाऱ्याच्या तोंडात पेज जाते आणि ती फुफ्फुसात उतरते. 'अँटी' चंही तसंच: अँटिबायोटिकमधला ग्रीक 'विरुद्ध', अँटीनेटलमधला लॅटिन 'आधी', स्पेलिंगमध्ये एकात आय, दुसऱ्यात ई. युरेटर मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे, युरेथ्रा मूत्राशयाकडून बाहेर. कॅथेटर युरेथ्रात जातो.

या जोड्या वहीत रोमन लिपीतच लिहा, देवनागरीत नको.

गोळी_काउंटर

चिठ्ठीच्या माथ्यावरची आर-एक्स ही खूण म्हणजे आर अक्षराच्या पायाला मारलेली आडवी रेघ. लॅटिन 'रेसिपे', म्हणजे 'घे'. हा हुकूम रोग्याला नसून औषध बनवणाऱ्याला होता: अमुक इतकं घे, तमुक इतकं घे, खल कर. पाककृतीची रेसिपी याच शब्दातून आली. पोर्तुगीजमध्ये 'रसैता' हा एकच शब्द आजही डॉक्टरच्या चिठ्ठीला आणि पाककृतीला चालतो.

बी.डी. म्हणजे 'बिस इन दिए', दिवसातून दोनदा, कुणी बी.आय.डी. लिहितात, एकच. टी.डी.एस. 'तेर दिए सुमेंदुम', तीनदा घ्यायचं. क्यू.डी.एस. 'क्वाटेर', चारदा. ए.सी. 'आंते सिबुम', जेवणापूर्वी, पी.सी. 'पोस्त', जेवणानंतर. एच.एस. 'होरा सोम्नी', झोपायच्या वेळी. स्टॅट म्हणजे 'स्टाटिम', आत्ताच्या आत्ता. एन.पी.ओ. म्हणजे 'निल पेर ओस', तोंडाने काही नाही. जी-टी-टी 'गुट्टे', थेंब. एवढ्यांवर रोजचं काम निघतं.

आता चुका. टी.डी.एस. चा शब्दशः अर्थ 'दिवसात तीनदा' एवढाच, त्यात समान अंतर सांगितलेलं नाही. बहुतेक जण नाश्ता-जेवण-जेवण असं घेतात, म्हणजे रात्री बारा-बारा तासांची पोकळी. आठ तासांनीच हवं असेल, उदाहरणार्थ अ‍ॅमॉक्सिसिलिन, तर सकाळी ६, दुपारी २, रात्री १० असं वेळेनिशी सांगावं लागतं.

एस.ओ.एस. चा बुडत्या जहाजाशी संबंध नाही. 'सी ओपुस सित', गरज पडली तर. पी.आर.एन., 'प्रो रे नाटा', जवळपास तेच. दोन्ही आदेश अपुरे आहेत जोवर कशासाठी, किती अंतराने आणि दिवसाला जास्तीत जास्त किती हे सोबत नाही. पॅरासिटामॉल प्रौढाला ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर मर्यादा आणखी खाली. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते लोक मोजत नाहीत.

ओ.डी. सगळ्यात वाईट. आपल्याकडे 'दिवसातून एकदा'. डोळ्याच्या चिठ्ठीत तोच 'ओकुलुस डेक्स्टेर', उजवा डोळा, डावा ओ.एस., 'सिनिस्टेर'. कानासाठी ए.डी. आणि ए.एस. घाईच्या अक्षरात ओ आणि ए सारखेच दिसतात आणि कानाचे थेंब डोळ्यात जातात. 'उजवा डोळा' असं सरळ लिहायला कितीसे कष्ट पडतात?

मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच देतात. ते चुकून रोज घेतलं गेलं की तोंडात व्रण, रक्तपेशी कोसळणं, प्रसंगी मृत्यू. म्हणून चिठ्ठीवर वार लिहिलेला असावा: 'फक्त सोमवारी'.

लॅटिनपेक्षा आकड्यांनी घात जास्त होतो, तेही सांगून ठेवतो. १ मिलिग्रॅमला १.० लिहिलं की टिंब पुसट होऊन १० होतात, अर्ध्याला नुसतं.५ लिहिलं की ५. इन्सुलिनच्या युनिटसाठी नुसतं यू लिहिलं की १० चे १०० वाचले जातात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनच्या 'वापरू नका' यादीत हेच सगळे आहेत, सोबत क्यू.डी. आणि क्यू.ओ.डी. (रोज आणि दिवसाआड, फरक एका ओ चा). आपल्याकडे मेडिकल कौन्सिलच्या नियमात २०१६ च्या दुरुस्तीने जेनेरिक नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितलंय.

'गुट्टा' वरून सलाईनचा हिशेब. मोठ्या थेंबांच्या संचात साधारण २० थेंबांचा १ मिली, लहान थेंबांच्या संचात ६०. ५०० मिली चार तासांत सोडायचं: ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. संच कुठला ते पाकिटावर छापलेलं असतं. ते न पाहता थेंब मोजले तर हिशेब तिपटीने चुकतो.

आल्तिनो_पायऱ्या

आधी दाखले. 'तीझिका' म्हणजे क्षय, टीबी. मूळ ग्रीक 'फ्थिसिस', झिजत जाणं. क्षय या शब्दाचा अर्थही तोच. 'बेशीगश' म्हणजे देवी. 'बेशीगा' हा मूत्राशय किंवा फोड, लॅटिन 'वेसिका'. अंगावर फोड उठतात म्हणून अनेकवचनात आजाराचं नाव झालं. तुमच्या पुस्तकातले 'वेसिकल' आणि 'वेसिकोयुरेटेरिक' याच घरातले. इतर दाखल्यांत सापडतील असे शब्द: 'फेब्र' ताप (त्यावरून फेब्राइल), 'पालुदिझ्मु' हिवताप (लॅटिन 'पालुस', दलदल), 'इद्रोपिझीया' अंगावर पाणी धरणं, 'पार्तु' बाळंतपण (त्यावरून पोस्टपार्टम), 'ऑबितु' मृत्यू.

एका शब्दाला फसू नका. पोर्तुगीज 'कोंश्टिपासांव' म्हणजे साधी सर्दी-पडसं. इंग्रजीतलं कॉन्स्टिपेशन म्हणजे मलावरोध. मूळ लॅटिन क्रियापद 'ठासून भरणं'. एका भाषेने नाक धरलं, दुसरीने आतडं. जुनी कागदपत्रं इंग्रजीत आणताना हा घोळ होऊ शकतो.

थोरल्यांचं म्हणणं अर्धं बरोबर, आणि ते अर्धं लॅटिनचं. गंमत अशी की त्यासाठी पोर्तुगीज यायलाच हवं असंही नाही. आपल्या मराठी-कोंकणीत मुरलेले पोर्तुगीज शब्द पुरतात. चावी हा 'शाव', लॅटिन 'क्लाविस', म्हणून गळ्याखालचं हाड 'क्लॅव्हिकल', छोटी चावी. नाताळ हा 'नाताल', जन्माचा. निओनेटल आणि अँटीनेटल तिथूनच. क्रूस वरून गुडघ्यातले 'क्रुशिएट' अस्थिबंध, एकमेकांवर आडवे गेलेले. साबण हा 'साबांव', लॅटिन 'सापो', त्यावरून रसायनशास्त्रातलं सॅपोनिफिकेशन. तुरुंग हा 'त्रोंकु', म्हणजे खोड, कैद्याच्या पायात अडकवायचा खोडाही. लॅटिन 'ट्रुंकुस', हृदयातून निघणारं 'पल्मनरी ट्रंक'. कुलेर, म्हणजे चमचा, हा 'कुल्येर', लॅटिन 'कोक्लेआरे'; त्याच्या मागे 'कोक्लेआ', गोगलगायीचा शंख, तोच कानातला कॉक्लिया. जुन्या चिठ्ठ्यांत 'कोक्लेआरे' हे मापच होतं.

पण ग्रीक शेपट्यांत पोर्तुगीज फारशी मदत करत नाही. 'नेफ्र', 'हेपॅट' (यकृत), 'कोले' शिकावेच लागतात. आणि मलेरिया लॅटिन नव्हे, इटालियन: 'माल आरिया', वाईट हवा.

उलटा प्रवासही झालाय. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता गोव्यात राहून इथल्या औषधांवर लिहीत होता. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीचं वर्णन आहे आणि इथले लोक तिला काय म्हणतात तेही. मोडशीचं पोर्तुगीज तोंडात 'मोर्देशी' झालं, आणि तिथून फ्रेंचांनी 'मॉर द शियँ' बनवलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. कुत्र्याचा काही संबंध नव्हता, कानाला तसं ऐकू आलं इतकंच. कॉलरा हा शब्द मात्र ग्रीक, 'खोले' म्हणजे पित्त, यावरून.

गोळी_काउंटर

कुलेर वाचून राहवलं नाही. बाटलीवर 'चमचा' म्हणजे ५ मिली. घरातले चमचे ते माप पाळत नाहीत. लहान मुलाचं सिरप बाटलीबरोबर आलेल्या टोपीने किंवा सिरिंजने मोजा.

आणि आल्तिनोबाब, 'गोटा' राहिला. पोर्तुगीजमध्ये थेंबही 'गोटा' आणि सांध्यांचा आजार गाउटही 'गोटा', दोन्ही लॅटिन 'गुट्टा' वरून. शरीरातला दूषित रस सांध्यात थेंबथेंब ठिबकतो अशी समजूत होती. प्रत्यक्षात युरिक आम्लाचे स्फटिक साचतात. कल्पना चुकली, नाव टिकलं.

भिरंडसोल

वनस्पतींच्या बाजूने थोडं, कारण औषधांची नावं पुष्कळदा तिथूनच येतात.

भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. गोव्यात सर्रास सांगतात की ते गार्सिया द ऑर्ताच्या नावावरून आहे. पणजीच्या नगरपालिका उद्यानाला त्याचं नाव आहे, त्यामुळे गोष्ट पटतेही. ती चूक आहे. गार्सिनिया हे लॉरेंट गार्सिन या अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून.

काजू अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले. 'कार्डिया' हृदय, म्हणून काजू हृदयाला चांगला असं नावावरून सिद्ध करणारे भेटतात. नाव आकारावरून आहे, आणि ते आधी युरोपातले औषधवाले बिब्ब्याला वापरत. बिब्ब्याचं आजचं नाव सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम: 'सेमेइओन' खूण, 'कार्पोस' फळ, धोबी कपड्यावर खूण करायचे ते. दोघे एकाच कुळातले, आणि दोघांच्या टरफलाचं तेल कातडी भाजतं. काजूच्या तेलातल्या अ‍ॅनाकार्डिक आम्लाचा हृदयाशी काही संबंध नाही.

नर्सिंगच्या कामाचं उदाहरण सदाफुली. आज तिचं नाव कॅथरँथस रोझियस, पण पूर्वी ती विन्का रोझिया होती. त्या काळात तिच्यातून निघालेल्या कर्करोगाच्या औषधांची नावं व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन पडली ती तशीच राहिली. वनस्पतीचं नाव बदलतं, औषधाचं नाही. सर्पगंधा रावोल्फिया सर्पेंटिना. रक्तदाबाचं रिसर्पिन 'सर्पेंटिना' तून. पालकासारख्या पानांतून वेगळं केलेलं फोलिक आम्ल लॅटिन 'फोलियुम', पान, यावरून.

'ऑफिसिनाले' दिसलं की समजा ते झाड औषधवाल्याच्या कोठीत असायचं. आलं म्हणजे झिंजिबर ऑफिसिनाले. 'सॅटिव्हम' म्हणजे लागवडीचं, 'व्हल्गॅरिस' म्हणजे सर्वत्र आढळणारं. 'इंडिका' वर फार भरवसा नको. जुन्या युरोपीयांचा इंडिया बराच लांबरुंद होता. नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं हा वनस्पतिशास्त्राचा नियम १ जानेवारी २०१२ पासून सैल झाला, आता इंग्रजीही चालते. नाव मात्र अजून लॅटिन साच्यातच.

कवटी_ते_टाच

व्हिन्क्रिस्टीनवरून उपसर्गांचं महत्त्व कळतं. ते 'इंट्राव्हीनस' च द्यायचं, शिरेच्या आत. 'इंट्राथीकल', म्हणजे पाठीच्या कण्यातल्या आवरणाच्या आत ('थेके', म्यान किंवा डबी), गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो. कण्यात देण्याची औषधं सिरिंजमध्ये असतात, म्हणून व्हिन्क्रिस्टीन सिरिंजऐवजी छोट्या पिशवीत पातळ करून द्यावं अशी शिफारस आहे, म्हणजे चुकून जोडताच येऊ नये. 'इंट्रा' आत, 'इंटर' मध्ये: इंटरकॉस्टल म्हणजे दोन बरगड्यांमधलं.

केरी_सत्तरी

सगळ्यांना देव बरें करूं. इलियमचं कोडं पहिल्यांदाच सुटलं. दोन शंका. हायपरकॅलेमिया आणि हायपरकॅल्सेमिया यात नेहमी अडखळते. आणि 'कोलेडोकोलिथोटॉमी' मागून फोडून पाहिला: टॉमी म्हणजे चिरणं, लिथ म्हणजे खडा, आणि कोलेडोको म्हणजे मोठं आतडं का? आतड्यातला खडा कसा असेल?

गोळी_काउंटर

पहिल्याचं उत्तर: 'कॅल' म्हणजे कॅलियम, पोटॅशियम, खूण के, मूळ अरबी 'अल-कली', झाडाची राख. 'कॅल्स' म्हणजे लॅटिन 'काल्क्स', चुना. राख आणि चुना, एवढंच लक्षात ठेवा. ही चूक साधी नाही. पोटॅशियम वाढून ईसीजी बदलला (साधारण मर्यादा ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) तर हृदय सांभाळायला शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. रुग्णाचं कॅल्शियमच वाढलेलं असताना नाव चुकीचं ऐकून तेच दिलं, तर आगीत तेल. फोनवर निकाल घेताना नावापाशी थांबू नका. 'पोटॅशियम, के, सहा पूर्णांक आठ' असं उलट म्हणून खात्री करा.

कवटी_ते_टाच

दुसऱ्याचं. शेपूट आणि मधला बरोबर आहे, डोकं चुकलं. 'कोले' म्हणजे पित्त, स्पेलिंगमध्ये सी नंतर एच. मोठं आतडं 'कोलो', एच नाही. 'डोको' ग्रीक, घेणारा, सामावणारा. 'कोलेडोकस' म्हणजे पित्त वाहून नेणारी सामाईक नळी. ती चिरून आतला खडा काढणं म्हणजे हा शब्द. पित्ताशयच काढून टाकलं तर कोलेसिस्टेक्टमी. 'सिस्ट' म्हणजे थैली. कोलेस्टेरॉलही याच घरातलं: 'कोले' अधिक 'स्टेरेओस', घट्ट, कारण ते पहिल्यांदा पित्ताच्या खड्यांत सापडलं.

नळी चिरल्यावर काही वेळा तिच्यात टी आकाराची रबरी नळी ठेवून पित्त बाहेरच्या पिशवीत घेतात. पिशवी चिरेच्या पातळीखाली टांगायची, आलेलं पित्त दर पाळीत मोजून रंगासह लिहायचं. सुरुवातीला जास्त येतं, पुढे पित्त आतड्यात उतरू लागलं की कमी होत जातं. एकाएकी थांबलं तर बरं वाटलं असं समजू नका. नळी रुग्णाच्या अंगाखाली मुडपलीय का ते आधी पाहा. मुडपलेली नसेल आणि पोटात दुखत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर लगेच डॉक्टरला कळवा. नळीत आपल्या मनाने पाणी सोडू नका.